आतड्याच्या कॅन्सरची घरच्या घरी चाचणी आणि फार्मासिस्टची मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये पन्नाशी गाठली की कधीतरी टपालातून एक पाकीट येतं. आत बोटाएवढी बाटली, सूचनांचा कागद आणि तिकीट न लावता परत पाठवता येईल असं वेष्टन असतं. बऱ्याच मराठी घरांत हे पाकीट मायक्रोवेव्हवर नाहीतर बिलांच्या गठ्ठ्यात जाऊन बसतं. "शनिवारी निवांत बघू" म्हणतात, आणि तो शनिवार काही येत नाही. मी मिडलंड्समधल्या एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. रक्तदाबाची गोळी न्यायला आलेली आपली माणसं निघता निघता, आवाज खाली आणून, या पाकिटाबद्दल विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मला काहीच त्रास नाही. मग हे किट मला का आलं?

त्रास नाही म्हणूनच आलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिपपासून सुरू होतो. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणारी छोटी वाढ. सगळे पॉलिप वाईट नसतात, पण काहींचं रूपांतर कॅन्सरमध्ये होतं आणि त्याला बहुधा कित्येक वर्षं लागतात. या काळात पोट दुखत नाही, भूक मरत नाही, वजनही जिथल्या तिथे असतं. फक्त अधूनमधून डोळ्यांना दिसणार नाही इतकं रक्त शौचात उतरतं. किट तेवढंच शोधतं.

ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे ४४,००० लोकांना हा कॅन्सर होतो, आणि कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा क्रमांक फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर दुसरा आहे. पहिल्या टप्प्यात सापडला तर दहातले नऊहून जास्त रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. शेवटच्या टप्प्यात सापडला तर हे प्रमाण दहात एकाच्या आसपास येतं. माझं या चाचणीबद्दलचं सगळं म्हणणं या दोन आकड्यांमधल्या फरकावर उभं आहे.

किट फार्मसीत मिळतं का?

इंग्लंडच्या सरकारी कार्यक्रमातलं किट आमच्याकडे नसतं. देशभरात अशी पाच स्क्रीनिंग केंद्रं आहेत आणि किट तिथूनच थेट घरी येतं. त्यासाठी दोनच अटी आहेत : वय ५० ते ७४, आणि जीपीकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी. दर दोन वर्षांनी ते आपोआप येत राहतं. पैसे लागत नाहीत. व्हिसा कोणता आहे हे जीपीच्या नोंदणीसाठी विचारात घेतलं जात नाही, त्यामुळे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी "हे आपल्यासाठी नसेल" असं समजू नये.

घर बदललं आणि जीपीला कळवलं नाही, की किट जुन्या पत्त्यावर जातं. भाड्याची घरं बदलत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या बाबतीत हे फार होतं. आम्ही औषधाच्या चिठ्ठीवरचा पत्ता पाहतो, त्यामुळे ही चूक कधी कधी फार्मसीतच लक्षात येते.

किट तुमच्याकडे नाही, तर तुमची मदत कसली?

जी मदत दहा मिनिटांच्या जीपीच्या भेटीत मिळणं अवघड जातं, ती. सूचनांच्या कागदावरची चित्रं घेऊन या, मी बाटली कशी उघडायची ते दाखवते. तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी माझ्यासमोर असते, त्यामुळे कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणत्या टप्प्यावर कुणाला विचारायचं ते सांगता येतं. किट आलंच नसेल तर हेल्पलाइनला फोन कसा लावायचा, काय सांगायचं, यात मदत करते.

आणि एक गोष्ट फक्त फार्मासिस्टलाच दिसते. तुम्ही काय विकत नेता ते! तीन महिन्यांत चौथ्यांदा मूळव्याधीचं मलम, दर पंधरवड्याला जुलाब थांबवायच्या गोळ्या, इसबगोलचा डबा संपायच्या आत सोनामुखीच्या गोळ्या. हे जीपीच्या संगणकावर कुठेच येत नाही, कारण त्याला चिठ्ठी लागत नाही. काउंटरवरून "हे कोणासाठी? किती दिवस चाललंय?" असं विचारलं तर कृपया रागावू नका.

रांगेत मागे ओळखीचे लोक असतात. असल्या विषयावर कसं बोलायचं?

"आत बोलता येईल का?" एवढं म्हणा. फार्मसीत सल्ल्यासाठी बंद दाराची वेगळी खोली असते आणि त्यासाठी आधी वेळ ठरवावी लागत नाही. शब्दांची काळजी नको. संडास, शौच, शी, परसाकडे जाणं, जो शब्द तोंडी असेल तो वापरा. मराठी न समजणाऱ्या फार्मासिस्टसमोर इंग्रजी शब्द आठवला नाही तर पाकीटच पुढे धरा, त्याला कळतं.

हा संकोच किती जुना आहे ते सांगते. इंग्लंडमध्ये हा कार्यक्रम सुरू करण्याआधी, २००० साली, कॉव्हेंट्री आणि वॉरविकशर भागात त्याची चाचपणी झाली. तेव्हाच दिसलं की दक्षिण आशियाई घरांतून किट परत येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच कमी आहे. इतकी वर्षं झाली तरी ही दरी पुरती बुजलेली नाही. आपण त्यातलेच, म्हणून मला याचं जास्त लागतं.

नमुना नेमका कसा घ्यायचा? आम्ही तर पाणी वापरतो.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

शौच कमोडमधल्या पाण्यात पडता कामा नये. म्हणून आधीच एखादा स्वच्छ, कोरडा, टाकून देता येईल असा डबा धरा. आईस्क्रीमचा रिकामा डबा उत्तम. नाहीतर टॉयलेट पेपरच्या बऱ्याच घड्या करून हातावर किंवा कमोडमध्ये पसरा. लघवी आधी उरकून घ्या, ती मिसळू नये. धुणं सगळ्यात शेवटी. आधी नमुना, मग पाणी, हा क्रम लक्षात ठेवला की आपल्या सवयीची काही अडचण येत नाही.

बाटलीचं झाकण फिरवून उघडलं की त्याला जोडलेली काडी बाहेर येते. तिच्या टोकाला खाचा असतात. ते टोक शौचावर वेगवेगळ्या जागी ओढा. खाचा भरल्या की पुरे, गोळा नको. "जास्त दिलं तर नीट तपासतील" असं वाटून काहीजण बाटली भरतात आणि मग तो नमुना वाया जातो. काडी परत घालून झाकण घट्ट बंद करा आणि पुन्हा उघडू नका. बाटलीवर तारीख लिहा. ही तारीख राहिली म्हणून चाचणी पुन्हा करावी लागलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून पेन आधीच बाथरूममध्ये नेऊन ठेवा. मग हात धुवा आणि शक्यतो त्याच दिवशी टपालपेटीत टाका.

एकच नमुना लागतो. २०१९ च्या जूनपर्यंत जी जुनी चाचणी होती तिच्यात तीन वेगवेगळ्या दिवशी पुठ्ठ्याच्या खिडक्यांवर नमुने लावावे लागायचे. कुणी तेव्हा कंटाळून सोडलं असेल तर आताचं काम पाच मिनिटांचं आहे.

ज्यांची पाळी अजून चालू आहे त्यांनी ती पूर्ण थांबेपर्यंत थांबावं.

मी रक्त पातळ होण्याची गोळी घेतो. चाचणीआधी बंद करू का?

नाही. वॉरफरिन, अपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, काहीही घेत असाल तरी चालू ठेवा आणि चाचणी करा. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने आपल्या मनाने गोळी थांबवली तर धोका चाचणीपेक्षा कितीतरी मोठा असतो. "गोळीमुळेच रक्त येत असेल" असा तर्क करून किट बाजूला ठेवणंही बरोबर नाही. या गोळ्यांमुळे लपलेला पॉलिप लवकर रक्त सोडू शकतो आणि उलट लवकर सापडू शकतो.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, पण चाचणी बिघडत नाही. ही चाचणी माणसाच्या हिमोग्लोबिनलाच चिकटणारी प्रतिपिंडं वापरते. त्यामुळे आदल्या रात्रीचं मटण, कलेजी, बीट, पालक यांच्याशी तिला देणंघेणं नाही. पथ्य काहीच नाही. मात्र शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं असेल तर ते जठरातून रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा किट विसरा आणि ताबडतोब १११ या सरकारी आरोग्य-सल्ल्याच्या नंबरला फोन करा. सोबत चक्कर येत असेल किंवा अंगातलं त्राण गेलं असेल तर इमर्जन्सी गाठा.

मला मूळव्याध आहेच. रक्त त्याचंच येणार. मग चाचणीला अर्थ काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

मूळव्याध फार लोकांना असते आणि ज्यांना रक्त दिसतं त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, हे खरंच आहे. पण मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असं कुठे आहे? दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि बाहेरून कोणतं रक्त कशाचं ते ना तुम्हाला कळतं ना मला. कोंब दिसतोय म्हणजे रक्त तिथूनच येतंय, हा अंदाज झाला, निदान नव्हे.

माझे थोरले काका गावाकडच्या मेडिकलमधून जवळजवळ दोन वर्षं मूळव्याधीचं मलम नेत होते. मधे मधे त्रिफळा, एरंडेल, कुणीतरी सांगितलेला काढा. घरात कुणाला बोलले नाहीत आणि दुकानातही कुणी विचारलं नाही. निदान झालं तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. तेव्हापासून मी दुसऱ्यांदा तेच मलम मागणाऱ्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय ते देत नाही. रक्त लाल की काळपट? शौचावर की शौचात मिसळलेलं? सवय बदलली आहे का? वजन उतरलंय का? उत्तरं ऐकून मी जीपीकडे जा म्हटलं तर जा. मलम सोबत देईनच, पण ते मलम म्हणजे उत्तर नव्हे.

सध्या मूळव्याधीतून रक्त वाहत असेल तर ते थांबल्यावर नमुना घ्या. आणि रक्त डोळ्यांना दिसतंय, तर खालचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

लक्षणं आहेत आणि किटही पुढच्या महिन्यात येणार आहे. तोवर थांबू का?

थांबू नका. शौचात रक्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ बदललेली सवय (अचानक जुलाब, नव्यानेच बद्धकोष्ठ किंवा दोन्ही आलटून पालटून), पोटात गाठ लागणं, सतत दुखणं किंवा फुगणं, कारण नसताना वजन उतरणं, दम लागण्याइतका थकवा : यातलं काहीही असेल तर वय कितीही असो, जीपीला गाठा. चाळिशीतले, तिशीतलेसुद्धा.

जीपीसुद्धा बहुधा अशीच बाटली देईल. "मग फरक काय?" असं मला विचारतात. फरक मोजमापात आहे. लक्षणं असलेल्या माणसाच्या एक ग्रॅम शौचात १० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन सापडलं तरी पुढची तपासणी सुचवली जाते. त्रास नसलेल्यांच्या कार्यक्रमात ही रेघ कितीतरी वर आहे. इंग्लंडमध्ये ही चाचणी सुरू झाली तेव्हा ती १२० वर ठेवली होती. म्हणजे एखाद्याला ५० मायक्रोग्रॅम आलं, तर कार्यक्रमाच्या पत्रात "पुढील तपासणीची गरज नाही" असं येऊ शकतं आणि जीपीच्या चाचणीत तोच माणूस थेट रुग्णालयात पाठवला जाऊ शकतो. म्हणून लक्षणं असताना कार्यक्रमाच्या निकालावर विसंबू नका, मागच्या वर्षीच्या "नॉर्मल"वर तर अजिबात नाही.

दुकानात घरी करायची तयार चाचणी दिसली. ती घेऊ का?

पात्र असाल तर नको. फुकटच्या किटची तपासणी प्रयोगशाळेत होते, रक्ताचं प्रमाण मोजलं जातं आणि निकालानंतर पुढची सगळी वाट ठरलेली असते. विकतच्या पट्टीवर एक रेघ येते किंवा येत नाही, आणि पुढे काय करायचं हे तुमच्यावरच पडतं.

पत्रात "पुढील तपासणी आवश्यक" आलंय. कॅन्सर आहे का?

बहुधा नाही. किट पाठवणाऱ्या शंभरातल्या साधारण दोघांना असं पत्र येतं. त्यातल्या बहुतेकांना पॉलिप, मूळव्याध, सूज किंवा काहीच नाही असं निघतं. पण पत्र बाजूला ठेवण्याचं कारण मात्र उरत नाही. आधी स्क्रीनिंगच्या तज्ज्ञ नर्सशी बोलणं होतं आणि मग कोलोनोस्कोपी, आपल्याकडे जिला दुर्बिणीची तपासणी म्हणतात ती. पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढतात. म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच त्याची मुळी खुडली जाते.

फार्मासिस्टची खरी गरज या टप्प्यावर लागते, कारण आता औषधांचे नियम बदलतात. किटच्या वेळी चालू ठेवलेली लोहाची गोळी कोलोनोस्कोपीच्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण ती आतड्याच्या भिंतीला काळा चिकट थर देते. इसबगोलही थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल नर्स ठरवेल, ती सांगेल त्याच दिवसापासून, तिने सांगितलं तरच. मधुमेहाच्या औषधांचं जास्त जपावं लागतं. उपाशी पोटी मात्रा बदलते, आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तर नर्सला आवर्जून सांगा, कारण उपाशी असताना त्यांनी रक्तात आम्ल वाढू शकतं. वजन कमी करायचं इंजेक्शन खाजगीरीत्या घेत असाल तर तेही. जीपीच्या यादीत ते नसतं आणि लोक सांगत नाहीत. पोट साफ करायचं पेय घेतल्यानंतर गोळ्या न शोषता वाहून जाऊ शकतात, त्यामुळे फिटच्या किंवा हृदयाच्या गोळीची वेळ आधी विचारून घ्या.

जेवणाचा कागद इंग्रजी ताटाला धरून लिहिलेला असतो. आपल्या ताटात त्याचा अर्थ असा : तपासणीआधीचे ते दोन-तीन दिवस भाकरी, कडधान्यं, पालेभाज्या, शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, बिया असलेली फळं बंद. मऊ पांढरा भात, पांढरा पाव, अंडं, साधा मासा, सालं काढलेला बटाटा चालतो. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हलकी समजून खाऊ नका, तिच्यात कूट असतं. शेवटच्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ, म्हणजे गाळलेलं सूप, दुधाशिवाय चहा, पाणी. तुमच्या रुग्णालयाचा कागद वेगळं सांगत असेल तर तोच पाळायचा.

गुंगीचं औषध घेतलं तर घरी न्यायला कुणीतरी लागतं आणि चोवीस तास गाडी चालवता येत नाही. मुलं लांब असतील तर हे आधी ठरवा. केवळ सोबत नाही म्हणून तारीख पुढे ढकलणारे पुष्कळ आहेत.

निकाल ठीक आला. आता सुटलो?

दोन वर्षांपुरते. नमुना घेतला त्या दिवशी पॉलिपमधून रक्त आलं नसेल तर चाचणीला ते दिसणार नाही, म्हणून तर ती पुन्हा पुन्हा करतात.

माझं वय ७६ आहे. माझा भाऊ ग्लासगोत आहे. आणि माझ्या आईला हाच कॅन्सर होता.

७५ नंतर किट आपोआप येत नाही, पण हेल्पलाइनला फोन करून दर दोन वर्षांनी मागवता येतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे कार्यक्रम वेगळे आहेत, तिथेही वय ५० ते ७४. उत्तर आयर्लंडमध्ये ६० ते ७४. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला, विशेषतः पन्नाशीच्या आत, हा कॅन्सर झाला असेल तर किटची वाट न बघता जीपीशी बोला. लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असलेल्यांना किट पुरत नाही, त्यांना ठराविक काळाने कोलोनोस्कोपीच करतात.

आई-बाबा पुण्यात आहेत. त्यांच्यासाठी काय?

भारतात टपालाने किट पाठवणारा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरवर भर देते. शौचातल्या रक्ताची चाचणी खाजगी प्रयोगशाळांत होते, पण ती डॉक्टरांशी बोलून करावी, म्हणजे निकालानंतर कुठे जायचं ते आधीच ठरलेलं असेल. पुढच्या व्हिडिओ कॉलवर फक्त "पोट बरं आहे ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो हो, छान" असंच येतं. "रक्त दिसतं का? कोणतं मलम आणता? कधीपासून?" असं विचारा. इथून किट पाठवायच्या भानगडीत पडू नका, ते इथल्याच प्रयोगशाळेत तपासलं जातं.

सासूबाई इथेच राहतात, त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांचं किट मी भरू का?

त्यांची संमती असेल तर मदत जरूर करा. बाटलीवरची तारीख लिहिणं, पाकीट टाकणं तुम्ही करू शकता. पण पत्रात आलेला निकाल त्यांनाच सांगा, लपवू नका. पुढची तपासणी लागली तर नर्सकडे मराठी दुभाष्या मागा. सुनेने किंवा मुलाने भाषांतर करताना "तिला नको सांगायला" म्हणून अर्धं गाळलं जातं आणि नेमकी औषधांची माहिती राहते.

किट हरवलं, किंवा वर्षभर पडून आहे.

बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते. ती उलटून गेली असेल, काडी शौचाऐवजी पाण्यात पडली असेल, किंवा नातवाने बाटली उघडून बघितली असेल, तर नवीन मागवा. कुणी जाब विचारत नाही. इंग्लंडची मोफत हेल्पलाइन ०८०० ७०७ ६० ६०. फोनवर एनएचएस क्रमांक, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतला तुमचा क्रमांक, विचारतात. तो औषधाच्या चिठ्ठीवर असतो, सापडला नाही तर फार्मसीत या, आम्ही दाखवतो कुठे आहे ते.